साडेआठ महिन्यांच्या बाळाला घेऊन डिपार्टमेंट स्टोअरच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जावे का?

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. बाळ साडेआठ महिन्यांचे आहे, वरचे अन्न सुरू होऊन अडीच महिने झाले आहेत, अंगावरचे दूध चालू आहे आणि बाहेर पडल्यावर कधीकधी पावडरचे दूधही द्यावे लागते. आजी-आजोबांसह सगळे कुटुंब एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये खरेदीला जाणार असून दुपारचे जेवण तिथल्याच सर्वांत वरच्या मजल्यावरील रेस्टॉरंटमध्ये घेण्याचा बेत आहे. बाळाला तिथले काय देता येईल, तिथली उंच खुर्ची भरवशाची असते का, दुधाची सोय कशी करावी आणि ‘नुसते चाटवायला काय हरकत आहे’ असे म्हणणाऱ्या आजींना काय सांगावे, हे आपले प्रश्न आहेत.

जरूर जावे, असेच मी सांगेन. बालआहार सल्लागार म्हणून अशा बेतांविषयी पालकांशी बोलताना मी एकच गोष्ट आवर्जून सांगत आले आहे, ती अशी की त्या टेबलावर बाळाच्या बाबतीत टाळता येण्यासारखे काहीही पहिल्यांदा घडू देऊ नये. जागा, उजेड, गलका आणि आजूबाजूची माणसे ही नवी असणारच आहेत; तेवढे नवेपण साडेआठ महिन्यांच्या जिवाला पुष्कळ झाले. म्हणून अन्न, चमचा, लाळेरे, भरवणारा हात आणि जेवणाची वेळ ही सगळी ओळखीची असावीत. पालकांचे बहुतेक प्रश्न मेनूकार्डाविषयी असतात. प्रत्यक्षात मेनूकार्डामुळे बिघडलेली दुपार मी क्वचितच ऐकली आहे. बिघडते ती टळलेल्या झोपेमुळे, सैल पट्ट्यामुळे किंवा हाताच्या अंतरावर ठेवलेल्या चहाच्या कपामुळे.

आधी वेळेचे पाहू, कारण बाकीचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. मोठ्यांना भूक लागली की जेवायला जायचे, हा क्रम या दिवशी उलटा करावा लागतो. बाळाची सकाळची झोप संपण्याची वेळ धरून बेत आखावा, म्हणजे ते ताजेतवाने असताना टेबलाशी बसेल. खरेदी आधी आणि जेवण नंतर असा क्रम ठेवला, तर दोन तास दिव्यांच्या लखलखाटात फिरून पेंगुळलेले आणि तरीही झोपायला तयार नसलेले बाळ आपल्या हाती येते. त्याऐवजी रेस्टॉरंट उघडताच, दुपारची गर्दी जमण्यापूर्वी जेवून घ्यावे आणि खरेदी नंतर करावी. तेव्हा बाळ बाबागाडीत झोपी गेले तरी कोणाचे काही अडत नाही. सुट्टीच्या किंवा मोठ्या सवलतीच्या दिवशी जाणे टाळता आले तर फारच चांगले.

डिपार्टमेंट स्टोअरची रचना हा या प्रश्नातला एक वेगळा भाग आहे आणि रस्त्यावरच्या साध्या रेस्टॉरंटला तो लागू होत नाही. रेस्टॉरंट वरच्या मजल्यावर असल्यामुळे तिथे पोचण्यासाठी लिफ्ट हाच एक मार्ग धरून चालावे. बाबागाडी सरकत्या जिन्यावर नेऊ नये, मग ती दोघांनी धरलेली असली तरीही. पायरीच्या कडेला चाक अडकले किंवा वर पोचताना गाडी अडखळली, तर मागून येणाऱ्या माणसांना थांबता येत नाही. जेवणाच्या वेळी लिफ्टसमोर रांग लागते आणि भुकेल्या बाळाला घेऊन तिथे काढलेली दहा मिनिटे फार लांबतात, म्हणून तेवढा वेळ हिशेबात धरावा. बाळाचे कपडे बदलण्याची आणि दूध पाजण्याची खोली बहुधा लहान मुलांच्या कपड्यांच्या किंवा खेळण्यांच्या मजल्यावर असते आणि रेस्टॉरंटच्या मजल्यावर ती असेलच असे नाही. आत शिरल्याबरोबर चौकशी करून ती खोली आधी गाठावी, डायपर बदलावा, हवे तर दूध पाजावे आणि मगच वर जावे. बदलण्याच्या टेबलावर बाळाच्या अंगावरचा एक हात क्षणभरही काढू नये, कारण या वयाचे बाळ पिशवीतला पुसणा शोधेपर्यंत कुशीवर वळते. स्वच्छतागृहातील हात वाळवण्याच्या यंत्राचा आवाज बाळाच्या कानाशी फार मोठा असतो, त्याच्या लगतची जागा टाळावी. खरेदीच्या पिशव्या बाबागाडीच्या दांड्याला अडकवण्याची सवय सर्वांनाच असते. बाळाला उचलून घेतले की त्या वजनाने हलकी गाडी मागे कलंडते आणि बाळ आत असतानाही ती कलंडू शकते. पिशव्या सामान ठेवण्याच्या काउंटरवर द्याव्यात किंवा गाडीखालच्या जाळीत ठेवाव्यात.

टेबलासाठी रांग असेल तर सगळ्यांनी मिळून उभे राहू नये. एकाने नाव नोंदवून थांबावे आणि दुसऱ्याने बाळाला घेऊन त्याच मजल्यावर फिरावे. टेबल मागताना स्पष्ट शब्दांत सांगावे की बाळ आहे, भिंतीकडेची जागा हवी, स्वयंपाकघराच्या दारापासून आणि वाढपी ये-जा करतात त्या वाटेपासून दूर हवी, आणि वातानुकूलन यंत्राचा झोत थेट अंगावर येणारी नको. भिंतीकडेच्या जागेचा आणखी एक फायदा असा की अंगावर पाजायची वेळ आली तर आईला थोडा आडोसा मिळतो. ट्रे घेऊन स्वतः वाढून घेण्याची पद्धत असेल, तर बाळ कडेवर असलेल्या व्यक्तीने ट्रेला हात लावू नये. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात गरम सूप ही जोडी कोणत्याही कारणाने क्षम्य नाही.

आता उंच खुर्ची. युरोपात अशा खुर्च्यांसाठी ईएन १४९८८ हे मानक आहे आणि ते आधाराशिवाय बसू शकणाऱ्या, साधारण ६ महिने ते ३ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. यातले ‘आधाराशिवाय बसू शकणे’ हे महिन्यांपेक्षा महत्त्वाचे आहे. आपले बाळ घरी जमिनीवर काही मिनिटे न डगमगता बसत असेल तरच त्याला या खुर्चीत बसवावे. रेस्टॉरंटमधील खुर्च्या दिवसभर ओढल्या जातात, एकावर एक रचल्या जातात आणि त्यांचे पट्टे सर्वांत आधी खराब होतात, म्हणून बाळाला ठेवण्यापूर्वी खुर्ची हाताने हलवून पाहावी, चारही पाय जमिनीला टेकतात का ते पाहावे आणि पट्ट्याची कडी प्रत्यक्ष लावून ओढून पाहावी. कमरेचा पट्टा आणि दोन मांड्यांमधून येणारा पट्टा किंवा दांडी ही दोन्ही असायलाच हवीत. मांड्यांमधला आधार नसला की बाळ खाली घसरत जाते आणि पट्टा छातीशी, कधी गळ्याशी येतो. कडी तुटलेली असेल तर दुसरी खुर्ची मागावी. ओढणीने किंवा दुपट्याने बांधून काम भागवू नये. दुसरी मिळाली नाही तर बाळाला मांडीवर घ्यावे किंवा बाबागाडीत पट्टा लावून बसवून गाडीची चाके रोखून ठेवावीत.

बऱ्याच रेस्टॉरंटमधील खुर्च्यांना पुढचा ट्रे नसतो आणि त्या थेट टेबलाला भिडवल्या जातात. तिथे एक धोका आपोआप तयार होतो तो असा, की बाळाचे पाय टेबलाच्या कडेला किंवा मधल्या खांबाला पोचतात, ते जोराने ढकलते आणि खुर्ची मागे उलटते. खुर्ची भिंतीजवळ, पण भिंतीला पायाने ढकलता येणार नाही अशी ठेवावी, आणि शेजारी बसणाऱ्याने मनाने ठरवून घ्यावे की आपण या दुपारी खुर्चीच्या बाजूला पाठ करणार नाही. मोटारीतील बाळाचे आसन उलट्या ठेवलेल्या उंच खुर्चीवर किंवा टेबलावर ठेवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती अजिबात करू नये. ते आसन त्यासाठी बनवलेले नसते आणि बाजूने जाणाऱ्याच्या एका धक्क्याने खाली येते. बसवण्यापूर्वी खुर्चीची बैठक, पट्टे आणि टेबलाची कड पुसून घ्यावी, आणि बाळाचे हात शक्यतो साबणाने धुवावेत.

भाजण्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण टेबलावरच्या सर्व धोक्यांत मला याचीच धास्ती अधिक वाटते. चहा किंवा कॉफी ओतल्यानंतर पंधरा मिनिटांनीही बाळाची त्वचा भाजण्याइतकी गरम राहू शकते. साठ अंश सेल्सिअसचे पाणी मोठ्या माणसालासुद्धा सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते आणि बाळाच्या पातळ त्वचेला त्याहून कमी वेळ पुरतो. साडेआठ महिन्यांच्या बाळाचा हात आपल्याला वाटतो त्याहून लांब जातो, टेबलावर कापड असेल तर ते ओढले जाते आणि कापडाबरोबर सगळेच येते. म्हणून कापड किंवा कागदी अंथरूण बाळाच्या बाजूने काढायला सांगावे, वाढप्याला बाळाच्या डोक्यावरून ताट न देता दुसऱ्या बाजूने वाढायला सांगावे, आणि ज्याच्या मांडीवर बाळ आहे त्याने त्या वेळात गरम काहीही पिऊ नये. चहा हवाच असेल तर बाळ दुसऱ्याकडे सोपवून प्यावा. तरीही सांडलेच, तर लगेच भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, त्वचेला चिकटलेले नसतील तर ओले कपडे आणि डायपर काढावेत, बाकीचे अंग उबदार ठेवावे, बर्फ, लोणी किंवा टूथपेस्ट लावू नये आणि बाळाला डॉक्टरांकडे न्यावे. वीस मिनिटे ही खरोखर लांब वाटतात, तरी ती पूर्ण करावीत.

आता आपला मूळ प्रश्न, म्हणजे तिथले काय द्यावे. माझे उत्तर असे, की पोट भरण्यासाठी घरून नेलेला डबा द्यावा आणि तिथले काही दिलेच तर ते हातात धरून खेळत खाण्यापुरते द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करायचे असते आणि अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवायचे असते; म्हणजे या वयात दूध हा अजून आहाराचा मोठा भाग आहे आणि एका दुपारी बाळाने चार चमचेच खाल्ले तर काही बिघडत नाही. बाहेर बाळ कमी खाते, हे स्वाभाविक आहे, कारण त्याचे लक्ष चारी बाजूंना असते. तोंड फिरवले, ओठ मिटले की थांबावे. ते खावे म्हणून समोर मोबाइल लावण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळांना पडदा दाखवूच नये, आणि माझे व्यवहारातले मत असे की एकदा दाखवला तर पुढच्या प्रत्येक जेवणात तो मागितला जातो.

रेस्टॉरंटचे अन्न बाळासाठी नको असण्याचे पहिले कारण मीठ आहे. एक वर्षाखालील बाळाला दिवसभरात १ ग्रॅमपेक्षाही कमी मीठ पुरते, अशी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची सूचना आहे. रेस्टॉरंटमधील सूपच्या एका वाटीत तेवढे मीठ सहज असू शकते आणि ‘तिखट घालू नका’ असे सांगितल्याने ते कमी होत नाही, कारण सूप, रस्सा आणि सॉस ही आधीच करून ठेवलेली असतात. दुसरे कारण मध. बारा महिन्यांपूर्वी मध कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते साध्या स्वयंपाकाच्या उष्णतेने मरत नाहीत आणि बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. भाजलेल्या पदार्थांवरच्या चकाकीत आणि सॅलडच्या सॉसमध्ये मध असतो आणि तो चवीवरून ओळखू येत नाही, त्यामुळे विचारावे लागते. कच्चे किंवा अर्धकच्चे अंडे, कच्चा मासा, न शिजवलेले मोड आणि पाश्चराइज न केलेल्या दुधाचे पदार्थ हे तर वर्ज्यच. बुफे असेल तर आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजे, आणि शिजवलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांहून अधिक राहू नये, हा अन्नसुरक्षेचा मूलभूत नियम आहे. कोमट झालेल्या भांड्यातले काही बाळासाठी घेऊ नये. आपण घरून नेलेल्या डब्यालाही हाच नियम लागू आहे. डबा थंडच नेत असाल तर बर्फाच्या पिशवीसह न्यावा, गरम नेत असाल तर चांगल्या थर्मासमध्ये. रेस्टॉरंटमध्ये मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिला तर नीट ढवळून, स्वतःच्या मनगटावर पाहून मगच भरवावा, कारण मायक्रोवेव्हमध्ये अन्न सारखे तापत नाही आणि मधोमध एखादा घास तोंड पोळवण्याइतका गरम राहतो.

तिथले देता येण्यासारखे काय, तर मीठ न घालता उकडलेली, बोटांत सहज दाबली जाईल इतकी मऊ भाजी, पिकलेले मऊ फळ, साधा मऊ भात किंवा पावाचा आतला मऊ भाग. भाजी किंवा फळ आपल्या बोटाएवढ्या लांब तुकड्यात द्यावे, म्हणजे मुठीत धरता येते. तेही बाळाने पूर्वी घरी खाल्लेलेच असावे. अंडे, शेंगदाणे, दूध, गहू, मासे यांसारखे अ‍ॅलर्जीचा संभव असलेले पदार्थ घरी, सकाळच्या वेळी, बाळ ठणठणीत असताना आणि एका वेळी एकच असे सुरू करायचे असतात. प्रतिक्रिया येते ती बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत; त्या वेळी आपण कपड्यांच्या मजल्यावर, बाळ बाबागाडीत झोपलेले आणि अंगावरचे चट्टे दुपट्याखाली, अशी स्थिती नको.

घशात अडकण्याचा धोका आकारामुळे आणि चिवटपणामुळे येतो. अख्खी द्राक्षे, छोटे टोमॅटो, सुका मेवा, कच्चे गाजर, मक्याच्या लाह्या, सॉसेजच्या गोल चकत्या आणि चिवट मांस हे देऊ नये. शेजारच्या ताटाच्या कडेला सजावटीसाठी ठेवलेले द्राक्ष बाळाच्या हाती लागते, तेही उचलून ठेवावे. बाळाला ओकारी येऊन ते खोकत असेल, चेहरा लाल होऊन आवाज निघत असेल, तर ते स्वतःच घास बाहेर काढत आहे. जवळ थांबून पाहावे, तोंडात बोट घालू नये. आवाज बंद झाला, खोकता येईना, ओठ निळसर दिसू लागले, तर एकाने रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने बाळाला हातावर पालथे, डोके धडापेक्षा खाली ठेवून, दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावेत आणि हे आलटूनपालटून चालू ठेवावे. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर दाब देऊ नये. हे वाचून येत नाही. घरातल्या किमान दोघांनी प्रथमोपचाराचे प्रत्यक्ष शिक्षण घ्यावे, असा माझा आग्रह असतो.

दुधाचे तुलनेने सोपे आहे. अंगावर पाजण्यासाठी टेबलाशी किंवा पाजण्याच्या खोलीत जिथे आईला बरे वाटेल तिथे बसावे; स्वच्छतागृहात बसण्याची वेळ कोणी आणू नये. काढून ठेवलेले ताजे दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते आणि बर्फासह उष्णतारोधक पिशवीत चोवीस तासांपर्यंत. पावडरचे दूध मात्र घरून कालवून नेऊ नये. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार ती ७० अंशांपेक्षा थंड नसलेल्या पाण्यात कालवावी, बाटली थंड पाण्यात धरून निववावी आणि दोन तासांत पाजावी. उकळलेले पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या डबीत वेगळी न्यावी. अर्धी प्यालेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

टेबलावरचा क्रम मी असा ठेवते. बसल्याबरोबर मोठ्यांचे जेवण मागवावे आणि ते येईपर्यंत बाळाला भरवावे. बाळाचे जेवण पंधरा-वीस मिनिटांत संपते आणि मग ते घराच्या ओळखीच्या एखाद्या चमच्याशी किंवा खेळण्याशी थोडा वेळ रमते. मोठ्यांनी आळीपाळीने जेवावे, म्हणजे एकाचे हात नेहमी मोकळे राहतात. अन्न येताच बिल मागून ठेवावे. बाळ रडू लागले तर समजावत बसण्यापेक्षा उचलून पाच मिनिटे बाहेर फिरवून आणावे. बहुतेक वेळा तेवढे पुरते, आणि न पुरल्यास उरलेले जेवण बांधून घ्यावे.

राहिला प्रश्न आजींचा. टेबलावर, सर्वांसमोर त्यांचा हात अडवला की त्यांना वाईट वाटते आणि ते योग्यही नाही. निघण्यापूर्वी घरीच, शांतपणे, मीठ, मध आणि नवा पदार्थ या तीन कारणांसह त्यांना सांगावे आणि डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी सांगितले आहे असे म्हणायला माझी हरकत नाही. त्याबरोबर बाळाचा डबा, चमचा आणि लाळेरे त्यांच्याच पिशवीत द्यावे आणि भरवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. बाळाला त्यांच्या हातचे खायची घरी सवय असेल तर ते तिथेही निमूट खाईल. नसेल तर जाण्यापूर्वीचे काही दिवस घरी त्यांनाच भरवू द्यावे.